रकाना अकरा

वाळूजला आमच्या शेडमध्ये
चाळीस व्हॉल्व्ह खोक्यांत पडून आहेत
गेल्या मंगळवारपासून.
निकेलचे. आत कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ घडी,
श्वास घेतल्यासारखी मिटते, उघडते.
ड्रॉइंगवर तिला बेलोज म्हणतात.
मी मनात भाता म्हणते.

वाजिदभाईंनी एकेक कानाशी धरलाय.
गळती असती तर ऐकू आली असती, म्हणतात,
आणि हेलियमचं मशीन तासाभरानं
तेच सांगतं.

कशासाठी वापरणार, हे रकाना अकरात लिहायचं.
गिऱ्हाइकानं लिहिलं : दूध.

मी फुलंब्रीच्या डेअरीत दीड वर्ष काढलंय.
तिथला एक व्हॉल्व्ह सायकलच्या ट्यूबनं आवळलेला होता
आणि दूध बिनबोभाट जात होतं.

पत्ता शोधला. डेअरी निघाली
पडद्यांच्या दुकानाच्या माडीवर.
म्हशी कुठं बांधता, विचारणार होते.
पैसे आगाऊ, सगळे.
बसवायला माणूस नको, वॉरंटी नको,
एका रुपयाची घासाघीस नाही.
आमच्याकडं माठसुद्धा कोणी असा घेत नाही.

दहिफळे साहेब केबिनच्या दारात.
सोळंके, माल कधी जायलाय?
दहा तारखेला बँकेचा हप्ता आहे.
यादीत आपलं नाव कुठंय, दाखवा मला.

यादीत नावं नसतात, साहेब.
धातू असतो, व्यास असतो, टक्के असतात.
आपलं निकेल साठाच्या वर आहे.
दिल्लीला अर्ज टाकावा लागेल,
आणि खरोखर वापरणाऱ्याची सही, शिक्का.

सही मागितली.
रात्री अकराला उत्तर आलं, फार नम्र :
दूध चालत नसेल तर औषध लिहितो.
काय लिहू, तुम्हीच सांगा.

तुम्हीच सांगा.
मी स्क्रीन मिटवला तरी ते तिथंच होतं.

ऊसतोडीच्या आधी माजलगावला आमचं पाल पडायचं.
बाप ऐरणीवर, मी भात्यावर,
कोयत्यांना धार लावायला पार रस्त्यापर्यंत रांग.
एकदा रांग नसताना, दिवेलागणीला, एक जण आला.
कोयता कोरा. शर्टाची बटणं एक घर चुकलेली.
बाप म्हणाला, कशाला पाहिजे?
ऊस तोडायला.
हंगामाला दोन महिने हायेत, बाप म्हणाला,
आणि तांब्यातलं पाणी निखाऱ्यावर ओतलं.
त्या दिवशी चुलीपुरतंही काही मिळालेलं नव्हतं.
आई काही बोलली नाही. भांडी मात्र वाजली.

माणूस पलीकडच्या पालावर गेला.
तिथला भाता उशिरापर्यंत ऐकू येत होता.
मी गोधडीत मोजत होते, वर, खाली, वर.
पुढं काय झालं, आम्हाला कळलं नाही.
सकाळी आम्ही पाल उचललं.

फाइलवर मी शेरा मारला : माल थांबवला.
खाली सही, तारीख.
मेल जसाच्या तसा दिल्लीला पाठवला.
साहेबांनी सही केली, पेन जरा जोरात ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत वाजिदभाई आले,
हात पुसत, जे आधीच पुसलेले होते.
मॅडम, आमचं काही चुकलं का?
नाही हो. जास्तच बरोबर आलंय.
ते हसले नाहीत.
जाऊन खोक्यांवर ताडपत्री ओढली,
चारही कोपरे दाबले.
धूळ फार आहे इकडं, म्हणाले.

रस्त्यापलीकडच्या शेडला
परवापासून तिसरी शिफ्ट लागलीय.
कशाची, माहीत नाही.
मी बस चुकवते, गेटशी उभी राहते,
कॉम्प्रेसर ऐकते.